सीलरचा डबा उघडण्याआधी

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज अशा कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये काँक्रीटच्या जमिनीला सीलर मारायचं ठरलं, की दोन मतं समोरासमोर येतात. पहिलं मत असं, की माल चांगल्या कंपनीचा आणला आणि जमीन ॲसिडनं स्वच्छ धुतली की काम झालं. बाकीचं सगळं ठेकेदारानं बिल वाढवायला काढलेलं. दुसरं मत असं, की जमिनीत ओल किती आहे, तेल कुठवर मुरलंय आणि वरचा थर किती पक्का आहे हे कळल्याशिवाय सीलर निवडूच नये. आणि तयारीचं काम वेगळं मोजून, वेगळं तपासून, त्याचे वेगळे पैसे देऊन करून घ्यावं. मी दुसऱ्या बाजूचा आहे. पण पहिल्या बाजूच्या कारखानदाराच्या आक्षेपांमागे रोजच्या उत्पादनाचा हिशोब असतो. त्यामुळे खालच्या संवादात ते आक्षेप सौम्य न करता मांडले आहेत.

कारखानदार : आमची जमीन ट्रिमिक्सची आहे. घातली तेव्हा आरशासारखी चमकत होती. आता झाडू मारला की धूळ, तासाभरानं पुन्हा मारला की पुन्हा धूळ. ती लेथच्या बेडवर बसते, स्लाइडमध्ये जाते. कुलंट सांडलं की डाग उठतो तो कायमचा. यावर साधा उपाय आहे : चांगल्यातला इपॉक्सी आणायचा, जमीन धुवायची आणि मारून टाकायचा. तुम्ही यात एवढ्या चाचण्या कशाला घुसवता?

लेखक : कारण ती धूळ बाहेरून येत नाही, ती तुमची जमीनच झिजून निघते आहे. काँक्रीट ओतल्यावर खडी आणि वाळू खाली बसते, जास्तीचं पाणी वर येतं आणि येताना सिमेंटचे अगदी बारीक कण घेऊन येतं. ते पाणी आटण्याआधीच जमीन घोटली, किंवा पाणी शोषून घ्यायला वरून कोरडं सिमेंट भुरभुरलं, तर पृष्ठभागावर दिसायला गुळगुळीत पण ताकदीला भुसभुशीत असा पातळ थर तयार होतो. त्यात नंतर वाफे करून पाणी कोंडलं नाही, दोन दिवस नुसते पाइपनं फवारे मारले, तर त्या थरातल्या सिमेंटचं जमणं अर्धवटच राहतं. घातल्या दिवशीची चमक हा पक्केपणाचा पुरावा नव्हता. सीलर याच थराला धरणार. इपॉक्सीची स्वतःची पकड काँक्रीटच्या ओढ-ताकदीपेक्षा जास्त असते, त्यामुळे पापुद्रा सुटतो तेव्हा बहुतेक वेळा इपॉक्सी तुटलेला नसतो. त्याच्या खालचं काँक्रीट सुटलेलं असतं. सुटलेला तुकडा उलटा करून पाहावा. मागच्या बाजूला राखाडी भुकटी चिकटलेली असेल, तर दोष मालाचा नाही, तळाचा आहे. म्हणूनच अशा लेपांच्या माहितीपत्रकांत सर्रास अट असते, की तळाची ओढ-ताकद चौरस मिलिमीटरला किमान १.५ न्यूटन हवी. जमिनीवर धातूची चकती चिकटवून ती यंत्रानं ओढली की हा आकडा मिळतो. तो न घेता ड्रम उघडणं म्हणजे नशिबावर सोडणं.

कारखानदार : तो भुसभुशीत थर काढायलाच तर ॲसिड असतं. सिमेंटवर टाकलं की फसफसतं, वरचा थर खाऊन टाकतं. स्वस्त आहे, यंत्र भाड्यानं आणावं लागत नाही आणि आमची पोरंही करू शकतात.

लेखक : नव्या, स्वच्छ, यंत्रं नसलेल्या मोकळ्या जागेत ॲसिडनं काम भागू शकतं, हे मान्य करतो. चालू वर्कशॉपमध्ये मात्र त्याच्या विरुद्ध तीन ठोस कारणं आहेत. पहिलं तेल. हायड्रोक्लोरिक ॲसिड सिमेंटमधल्या चुन्याशी भिडतं; तेलाशी त्याची काहीच क्रिया होत नाही. जिथे कटिंग ऑइल किंवा ग्रीस मुरलंय तिथे ॲसिड काँक्रीटपर्यंत पोचतच नाही. फसफसणाऱ्या जमिनीत मधेच शांत राहिलेला डाग दिसला, तर तिथे तेल किंवा जुना लेप आहे असं समजावं. म्हणजे जिथे तयारीची सर्वांत जास्त गरज, नेमकं तिथेच ॲसिड हात टेकतं. दुसरं कारण मिठाचं. ॲसिड आणि चुना यांच्या क्रियेतून कॅल्शियम क्लोराइड तयार होतं, आणि ते हवेतली ओल ओढून घेणारं मीठ आहे. भरपूर पाण्यानं आणि नंतर सोड्यासारख्या सौम्य अल्कलीनं ते पूर्ण काढलं नाही, तर सीलरच्या खाली ओल धरणारा थर आपण स्वतःच पेरतो. शिवाय क्लोराइड आतल्या सळईलाही घातक. म्हणून धुतल्यानंतरच्या पाण्याचा सामू पीएच कागदावर तपासावा लागतो. एवढं सगळं करून जमीन पुन्हा चिंब होते आणि ती सुकायला थांबावं लागतं, त्यामुळे ‘झटपट’ हा ॲसिडचा मोठा गुण तिथेच संपतो. तिसरं कारण तुमच्या यंत्रांचं. ॲसिडच्या वाफा बंद शेडमध्ये उघड्या लोखंडावर बसतात. घासून-पॉलिश करून बसवलेल्या बेडवर, गेज ब्लॉकवर, स्पिंडलवर गंज धरतो. धूळ नको म्हणून जमीन सील करायची आणि त्या कामात यंत्रालाच गंज चढवायचा, हा व्यवहार कुठल्याही हिशोबात बसत नाही.

तेलासाठी क्रम महत्त्वाचा आहे. आधी तेल काढायचं, मग घासायचं. उलट केलं तर घासणीची चकती तेल पसरवते आणि नव्यानं उघडलेल्या छिद्रांत दाबते. अल्कलाइन डिग्रीजर टाकून ताठ ब्रशनं घासावं, पाणी उपसणाऱ्या व्हॅक्यूमनं ते उचलावं, आणि डाग खोल असेल तर हे पुन्हा करावं. तो मळ नाल्यात सोडू नये. वापरलेलं तेल २०१६च्या नियमांनुसार घातक कचरा आहे आणि त्याची विल्हेवाट परवानाधारकाकडेच लावायला हवी. पाणी सुकल्यावर थेंबाची परीक्षा करावी : जमिनीवर पाण्याचे थेंब ठिकठिकाणी टाकावेत. दोनेक मिनिटांत ते मुरले आणि जागा गडद झाली तर छिद्रं मोकळी आहेत. मोत्यासारखे उभे राहिले तर तेल, जुना सीलर, क्युरिंग कंपाउंड किंवा घोटून बंद झालेला पृष्ठभाग, यांपैकी काहीतरी आडवं आलंय. वर्षानुवर्षं तेल पिऊन काळीठिक्कर झालेली जागा धुऊन वाचेल अशी आशा मी तरी धरणार नाही. तेल उष्णतेनं पुन्हा वर येतं. तेवढा चौकोन कटरनं कापून नवीन काँक्रीट किंवा दुरुस्तीचा मॉर्टर भरणं शहाणपणाचं.

कारखानदार : म्हणजे शेवटी ग्राइंडिंग. त्याची धूळ सगळ्या शेडभर होते. ती चालते आणि ॲसिडची वाफ चालत नाही? आणि घासायचंच तर मग चांगलं खरवडून काढा, जितकं खडबडीत तितकी पकड घट्ट.

लेखक : धुळीबद्दल तुमची तक्रार खरी आहे, पण ती उघड्या ग्राइंडरची आहे. काँक्रीटच्या धुळीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या स्फटिकी सिलिकामुळे सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. कायद्यानं कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत त्याचं नाव आहे. अमेरिकेत २०१६ साली कामाच्या ठिकाणच्या हवेत या सिलिकाची मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली गेली. आपल्याकडची खडी काळ्या दगडाची, त्यात क्वार्ट्झ कमी, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. वाळू कुठली वापरली आहे आणि शेजारी फाउंड्रीची वाळू पडते का, हेही पाहावं लागतं. म्हणून डायमंड ग्राइंडरला झाकण आणि सूक्ष्म कण अडवणाऱ्या फिल्टरचा व्हॅक्यूम जोडलेला असणं ही माझ्या दृष्टीनं अट आहे, सोय नाही. तसा व्हॅक्यूम ज्याच्याकडे नाही त्याला हे काम देऊ नये. कामगाराला नाकावर रुमाल बांधायला लावणं हा उपाय नाही.

खडबडीतपणाचा तर्क मात्र चुकीचा आहे. काँक्रीट दुरुस्तीच्या क्षेत्रातल्या आयसीआरआय या अमेरिकी संस्थेनं पृष्ठभागाच्या खरखरीतपणाचे १ ते १० असे रबरी नमुने ठरवून दिले आहेत; ते जमिनीवर ठेवून बोटानं आणि डोळ्यानं तुलना करायची. पातळ सीलरला १ ते ३ पुरतं, म्हणजे मध्यम पॉलिश पेपरसारखा स्पर्श. जाड लेपांना ३ ते ५, आणि त्याहून वरचे आकडे आणखी जाड थरांसाठी. पातळ सीलर खोल चरांवर मारला तर उंचवटे उघडे पडतात आणि खोलगटात माल साचतो; झाडू आणि ट्रॉलीची चाकं त्याच उंचवट्यांना आधी झिजवतात. त्याहून वाईट म्हणजे दातेरी यंत्रानं किंवा हातोडीनं ठोकून खरवडलं की पृष्ठभागाखाली केसासारखे तडे पडतात. वरून खडबडीत, आतून सैल. जो कमजोर थर काढायला निघालो तोच आपल्या हातानं पुन्हा तयार होतो.

कारखानदार : ठीक. पण ओल तपासण्याचं खूळ मला पटत नाही. नव्या जमिनीचं समजू शकतो. वर्षानुवर्षं वापरातल्या जमिनीत ओल कसली? वरून तर ठणठणीत कोरडी आहे.

लेखक : वरून कोरडी दिसते कारण आलेली वाफ उडून जाते. सीलर मारला की ती वाट बंद होते, आणि तेव्हाच कळतं की खालून किती येत होतं. नव्या जमिनीचं आधी बोलू, म्हणजे पाण्याचं प्रमाण लक्षात येईल. ५० किलोच्या एका पोत्याला २५ लिटर पाणी घातलं, तर त्यातलं सुमारे १२ लिटरच सिमेंटशी रासायनिक रीतीनं बांधलं जातं. उरलेलं छिद्रांत राहतं, आणि त्यातलं बरंचसं उडून जावं लागतं. जाड जमिनीतून ते फक्त वरच्या बाजूनं बाहेर पडतं. इंचाला एक महिना हा ढोबळ ठोकताळा धरला तर सहा इंची जमिनीला सहा महिने लागतील. नेहमी सांगितला जाणारा २८ दिवस हा आकडा ताकदीचा आहे, सुकण्याचा नाही. या दोन्हींची गल्लत हे नव्या शेडमधल्या फोडांचं एक मोठं कारण आहे. आता जुन्या जमिनीकडे या. खाली काळी माती, तिच्यावर मुरूम, सोलिंग, पीसीसी, आणि वर ट्रिमिक्स. पीसीसी आणि ट्रिमिक्स यांच्यामध्ये २५० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद अंथरायचा असतो. तो कुठे अंथरलेलाच नसतो, कुठे सळया ओढताना फाटलेला असतो. मग पावसाळ्यात जमिनीखालचं पाणी केशाकर्षणानं वर चढतं, आणि वर पोचेपर्यंत वाफ होऊन निघून जातं. जमीन कितीही जुनी असो, खालचा ओलावा दर जूनमध्ये नवा असतो. हे पाणी येताना सिमेंटमधले क्षार विरघळवून आणतं. वर अभेद्य इपॉक्सी असेल तर ते क्षारयुक्त पाणी लेपाखाली साठतं, दाब धरतं, आणि फोड येतो. फोड फोडला की बुळबुळीत पाणी निघतं. त्याला लिटमस लावला तर निळा होतो.

चाचणीही अवघड नाही. एएसटीएम डी ४२६३ या अमेरिकी मानक पद्धतीत १८ इंच लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपनं चिकटवून किमान १६ तास ठेवायचा. खाली दवाचे थेंब किंवा जमीन गडद दिसली तर ओल आहे. इथे एक इशारा देणं माझं कर्तव्य आहे : ही चाचणी एकाच दिशेनं खरी बोलते. ओल दिसली तर ओल आहेच. दिसली नाही तर जमीन कोरडी आहे असं सिद्ध होत नाही, कारण थेंब जमायला जमीन आणि हवा यांच्या तापमानात योग्य फरक लागतो. महाग इपॉक्सी मारायचा असेल तर भोक पाडून आतली सापेक्ष आर्द्रता मोजणारी चाचणी घ्यावी. एकाच बाजूनं सुकणाऱ्या जमिनीत जाडीच्या ४० टक्के खोलीवर, म्हणजे १५० मिलिमीटरच्या जमिनीत ६० मिलिमीटर खाली, संवेदक ठेवतात. पृष्ठभाग फसवतो, ६० मिलिमीटर खालचं काँक्रीट फसवत नाही.

कारखानदार : मग पावसाळा टाळून मे महिन्यात काम उरकू. कडक ऊन, जमीन तापलेली, एका दिवसात सीलर कडक.

लेखक : पावसाळा टाळा, यात माझी पूर्ण सहमती. जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त हवं हा लेपाच्या कामातला जुना नियम आहे. हवा २७ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू साधारण २४ अंशांवर असतो. म्हणजे जमीन किमान २७ अंशांवर हवी, आणि पावसाळ्यात शेडची जमीन हवेपेक्षा थंडच असते. पण मे महिन्याचं ऊन तुम्हाला वाटतं तितकं मित्र नाही. पत्र्याखालची जमीन सकाळपासून तापत जाते तशी छिद्रांतली हवा फुगून बाहेर पडते. त्याच वेळी सीलर मारला तर प्रत्येक छिद्रातून बुडबुडा निघतो आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात. उन्हात इपॉक्सीचा कामाचा वेळही आक्रसतो. बादलीतच तो धरू लागतो आणि जमिनीत मुरायला वेळ मिळत नाही. तापमान उतरू लागल्यावर, संध्याकाळी, काम सुरू केलं तर हवा आकसते आणि माल आत ओढला जातो. वेळ बदलायला खर्च लागत नाही.

कारखानदार : खर्च! आता मूळ मुद्द्यावर आलात. आमच्या भागात गुरुवारची सुट्टी. एका गुरुवारी तेल काढा, दुसऱ्या गुरुवारी घासा, तिसऱ्या गुरुवारी सीलर मारा, असं असेल तर चालेल. मशिन आठवडाभर बंद ठेवून मला ऑर्डर कोण भरून देणार? आणि तुमची ही तयारी मालाइतकीच महाग पडते.

लेखक : उत्पादन थांबण्याचा आक्षेप हा तुमचा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. तेल काढणं आणि चाचण्या यांना गुरुवार पुरतात. त्या निरनिराळ्या सुट्ट्यांत करा. घासणं आणि पहिला हात मात्र वेगळा काढता येत नाही. घासून उघडलेल्या छिद्रांवर आठवडाभर कुलंटचा तुषार आणि तेलाची वाफ बसत राहिली, तर दुसऱ्या गुरुवारी तुम्ही पुन्हा तेलकट जमिनीवरच सीलर मारणार, आणि या वेळी तेल अधिक खोल गेलेलं असेल. म्हणून शेडचे भाग पाडा. कंट्रोल जॉइंटपासून कंट्रोल जॉइंटपर्यंतचा एक पट्टा घ्या, छतापासून प्लॅस्टिकचा पडदा सोडा, आणि त्या पट्ट्यात घासणं, व्हॅक्यूम, थेंबाची परीक्षा आणि पहिला हात सलग उरका. लेपाचे जोड नेमके जॉइंटवर येतात, त्यामुळे दिसायलाही वाईट नाही. जड मशिन हलवायला नको असेल तर तिच्या पायाभोवती रेघ मारून थांबा. मशिनखालची जागा सील न केल्यानं काही बिघडत नाही; अर्धवट साफ करून सील केल्यानं मात्र तिथूनच पापुद्रा सुटायला सुरुवात होते.

तयारी महाग पडते हे खरं, कधी मालापेक्षाही जास्त. पण तुलना कशाशी करायची हे नीट ठरवा. फसलेल्या लेपावर नवा लेप मारता येत नाही. सुटलेला आणि सुटू पाहणारा सगळा भाग आधी घासूनच काढावा लागतो. आज वाचवलेलं ग्राइंडिंग उद्या करावंच लागतं, आणि तेव्हा ते अधिक कठीण असतं, कारण इपॉक्सी तापून डायमंडच्या दातांत भरतो. त्यात वाया गेलेला माल आणि दुसऱ्यांदा थांबलेलं उत्पादन मिळवा. शिवाय कंपनीची हमी तयारीच्या अटींवर उभी असते. ओलीची नोंद नाही, ओढ-चाचणीची नोंद नाही, तर तक्रार घेऊन कोणाकडे जाल?

कारखानदार : भेगांचं काय? त्या तर सीलरनं भरतीलच.

लेखक : भरणार नाहीत. निपचित पडलेली, आकुंचनाची भेग उघडून इपॉक्सीनं भरता येते. जी भेग ऋतूप्रमाणे किंवा फोर्कलिफ्टखाली हलते, तिच्यावर कडक लेप ओढला की तीच रेघ पुन्हा वर उमटते. कापलेले जॉइंट तर मुद्दाम ठेवलेल्या भेगा आहेत. त्या अर्धलवचीक भरणीनं भरा, लेपाखाली गाडू नका.

कारखानदार : एवढं ऐकून असं वाटतं, की सील करूच नये.

लेखक : काही जमिनींबाबत खरोखर तसंच आहे, आणि ते आधी कळणं हा चाचण्यांचा सर्वांत मोठा फायदा. खालून ओल चढत असेल आणि प्लॅस्टिक कागद नसेल, तर अभेद्य पापुद्रा धरणारा लेप विसरा. तिथे लिथियम किंवा सोडियम सिलिकेटचा डेन्सिफायर वापरा. तो काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी क्रिया करून छिद्रांतच कठीण पदार्थ तयार करतो, धूळ थांबवतो आणि वाफेला वाट ठेवतो. वर पापुद्रा नसल्यामुळे सुटायलाही काही नसतं. ओल थांबवायचं काम मात्र त्याच्याकडून होत नाही, आणि तेलाला तो इपॉक्सीइतका अडवत नाही, हे कबूल करूनच तो घ्यावा. जमीन कोरडी आणि पक्की असेल, कुलंट रोज सांडत असेल, तर तुमचा इपॉक्सीच योग्य. तेव्हा मीही तोच सुचवीन. वरचा थर ओढ-चाचणीत हातात येत असेल तर आधी तो थर काढा, आणि सगळीच जमीन तशी निघाली तर सीलरचे पैसे नव्या जमिनीसाठी राखून ठेवा. तुम्ही सुरुवातीला नाव इपॉक्सीचं घेतलंत आणि जमिनीला काहीच विचारलं नाहीत. माझा विरोध तेवढ्याच उलट्या क्रमाला आहे.

म्हणून वर्कशॉप चालवणाऱ्या प्रत्येकाला विनंती, की पुढच्या वेळी सीलरचं कोटेशन हातात येईल तेव्हा मालाचा दर वाचण्याआधी इतर ओळी शोधा : ओलीची चाचणी कुठल्या पद्धतीनं आणि किती ठिकाणी, तेल काढण्याचा वेगळा दर, घासणीचा अपेक्षित नमुना क्रमांक, व्हॅक्यूमची व्यवस्था, ओढ-चाचणीचे आकडे, आणि तयारी तुम्ही पाहून मान्य केल्याशिवाय ड्रम उघडणार नाही अशी लेखी अट. ‘जमीन साफ करून’ एवढे तीनच शब्द असतील, तर ते कोटेशन परत पाठवा.